चुकायचा प्रश्नच नाही

९ फेब्रुवारी

ताई,

"फोन करू नकोस. सांगायचंच असेल तर लिहून पाठव, म्हणजे मला हवं तेव्हा वाचता येईल आणि नको तेव्हा बाजूला ठेवता येईल," असं तू जिन्यात म्हणाली होतीस. त्याला आता तीन वर्षं होतील. इतके दिवस लिहिलं नाही, कारण माझंच बरोबर होतं अशी माझी ठाम समजूत. ज्याचं बरोबर असतं त्यानं आधी का लिहायचं?

आजही भांडण उकरून काढायला बसलेलो नाही. कामाचं विचारायचंय.

कोशाच्या कचेरीत सध्या 'एम' चालू आहे आणि माझ्या वाट्याला 'मिस' हे क्रियापद आलंय. इंग्रजीत चार अक्षरं, त्यातली दोन सारखी, पण पोटात अख्खं गाव मावेल. बस मिस होते, नेम मिस होतो, संधी मिस होते, जिन्यातली पायरी मिस होते. शिवाय माणूसही मिस होतो, म्हणजे त्याची आठवण येते. आमच्या संपादकबाईंना प्रत्येक अर्थाला तोंडात बसलेलं मराठी वाक्य लागतं. मी लिहून दिलं, 'मला तुझी अनुपस्थिती जाणवते.' बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे कोण कुणाला म्हणालं?"

"कुणीतरी, कुणालातरी."

"मग तो कुणीतरी जन्मभर एकटाच राहणार," म्हणाल्या आणि आडवी रेघ मारली.

मग मी 'तुझ्याशिवाय चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं' असं दिलं. ते त्यांना पटलं. बसही चुकते आणि माणसावाचूनही चुकल्यासारखं होतं, म्हणजे इंग्रजीसारखीच मराठीचीही खोड, असं म्हणून त्या स्वतःशीच हसल्या. पण लगेच शंका काढली की हल्ली असं बोलतं कोण? पोरं सरळ 'मिस करतो' म्हणून मोकळी होतात. तू वर्गावर इंग्रजी शिकवतेस, दिवसभर मुलांत असतेस. ती आपसात काय म्हणतात, तेवढं कळवशील का? (गंमत बघ, मुलं तुला 'मिस, मिस' म्हणून हाका मारतात तो शब्द या घरचा नाहीच. तो 'मिस्ट्रेस'चा आखूड झालेला तुकडा. दोघांचं नुसतं दिसणं सारखं, नातं काही नाही.)

बाबा बरे आहेत. विसरणं वाढलंय. परवा मला मामा समजून तासभर गप्पा मारल्या आणि शेवटी 'तुझा भाचा फार हट्टी आहे' असं माझ्याबद्दल मलाच सांगितलं. रविवारी तुला फोन करायचं मात्र विसरत नाहीत. घरच्या फोनमध्ये तुझा नंबर साठवून दिलाय, तरी एकेक आकडा बोटानं दाबतात. पाठ आहे त्यांना. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी शेजारीच बसतो. फार वेळ बोलून दमतात, मग मी आवरतं घ्यायची खूण करतो.

मी त्यांचं नीट करतो. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. खरं तर थोडं त्यासाठीच लिहिलं. खोडलं असतं, पण पान खराब दिसेल.

उत्तर कामापुरतं दिलंस तरी चालेल.

तुझा भाऊ

१७ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे, पत्र पोहोचायलाच पाच-सहा दिवस लागत असतील.

'मिस'चं मूळ शोधून झालं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो नेमबाजाचा शब्द होता. शस्त्र सुटलं, पण लागलं नाही. जर्मन आणि डच या चुलत भावंडांकडेही तो सापडतो. 'मिस्टेक'च्या तोंडाशी जो 'मिस' बसलाय तोही याच गोत्रातला, आणि काही जाणकार सगळ्यांचं मूळ 'बदलणे, भलतीकडे जाणे' अशा अर्थाच्या धातूपर्यंत नेऊन भिडवतात. आठवण येण्याचा अर्थ खूप उशिरा चिकटला, पाचेकशे वर्षांपूर्वी.

मधला एक अर्थ मी नोंदीतून गाळला होता. एखादी गोष्ट जागेवर नाही हे ध्यानात येणं. घरी आल्यावर खिशात चाव्या नाहीत असं कळतं, तसा. मला तो किरकोळ वाटला. बाईंनी धरून ठेवला. म्हणाल्या, "हा पूल आहे. नेम चुकण्यापासून जीव तुटण्यापर्यंत माणूस उडी मारून जात नाही. आधी त्याला कळावं लागतं की कुणीतरी नाहीये." त्यावरून गेल्या गुरुवारी आमची जुंपली. फारच लांबलं ते. असो.

बाबांच्या उजव्या तळहाताला जरा खरचटलंय. फोनवर त्यांनी काही भलतंसलतं सांगितलं तर तू घाबरशील, म्हणून आधीच कळवतो. घराच्या पायरीवर तोल गेला. मी शेजारीच होतो, लगेच धरलं, म्हणून थोडक्यात निभावलं. रक्तबिक्त काही फार नाही. डॉक्टरांना दाखवलं, इंजेक्शन दिलं. रविवारी तू विचारशील असं वाटत होतं, पण तू फक्त झोप लागते का एवढंच विचारलंस. म्हणजे ते बोलले नसावेत.

त्यांना मी एकटं सोडत नाही. हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो. दाढीसुद्धा आता मीच घरी करतो. न्हाव्याकडे नेत नाही. उगाच दगदग.

नोंद अडकलीय. पत्ता सांगताना इंग्रजीत म्हणतात ना, 'यू कान्ट मिस इट', त्याला 'चुकायचा प्रश्नच नाही' हे अगदी फिट्ट बसतं. पुढे उदाहरणाचं वाक्य हवंय. सुचतं, पण लिहवत नाही. बाई विचारतात, तब्येत बरी नाही का? मी म्हणतो, झोप झाली नाही.

तुझा भाऊ

६ मार्च

ताई,

आज लाँड्रीत गेलो होतो. एवढं वाचून तुला पुढचं कळलं असेल. तुला तर सगळं माझ्याआधीच कळलेलं होतं.

तरी लिहितो. तुझ्यापाशी माझं दुसरं पत्र आहे, आणि त्यातली पायरी खोटी आहे. 'मी शेजारीच होतो, लगेच धरलं.' हे वाचताना तुझा चेहरा कसा झाला असेल ते डोळ्यांसमोर येतं आणि मी हा कागद पालथा घालून उठतो. दोनदा उठलो. आता शेवटपर्यंत लिहूनच उठणार.

तो गुरुवार. कचेरीच्या समोर, रस्त्यापलीकडे न्हाव्याचं दुकान आहे. बाबांना तिथे खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "दाढी झाली की इथेच थांबा. मी पाच मिनिटांत आलो. कंटाळलात तर ते समोरचं हिरवं दार, वर पहिला मजला. चुकायचा प्रश्नच नाही."

न्हाव्याला काही म्हणालो नाही. 'यांना आठवत नाही, जरा लक्ष ठेवा' एवढं सांगायचं होतं. पण दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती आणि मला लाज वाटली. बापाला असं झालंय हे चारचौघांत बोलायची लाज.

वर गेलो तो त्या मधल्या अर्थावर वाद सुरू झाला. बाईंना टेबलावर वाजणारे फोन चालत नाहीत, म्हणून आम्ही ते खणात टाकतो. माझी खुर्ची खिडकीला पाठ करून. मधे एकदा बाईच म्हणाल्या, "तुमचे वडील खाली आहेत ना?" मी म्हटलं, "बसलेत आरामात. एवढा मुद्दा संपवू." ताई, त्यांनी आठवण करून दिली होती. मी विसरलो, असंसुद्धा म्हणायची सोय नाही.

मुद्दा संपला. जिंकलो असं वाटतं, आता नक्की आठवत नाही. खाली आलो तर न्हावी शटर ओढत होता.

"ते? दाढी झाल्या झाल्या गेले की. मुलगी यायचीय, स्टँडवर जातो म्हणाले. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

दोन तास होऊन गेले होते. कुणीतरी जागेवर नाही हे ध्यानात येणं या अर्थावर मी दोन तास भांडत होतो, आणि तेवढा वेळ माझे बाबा जागेवर नव्हते.

स्टँड पालथा घातला. गल्ल्या, दवाखाना, बाग, जिथे म्हणून बाक आहेत तिथे. मग पोलीस ठाणं. तिथल्या हवालदारानं शांतपणे विचारलं, "मिसिंग दाखल करायची का?" आणि मग, "अंगात काय होतं?"

मला सांगता येईना. सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मीच लावली होती, आणि रंग आठवेना. हवालदार लेखणी धरून थांबला. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. निदान फोटो तरी आणा, म्हणाला. फोटो फोनमध्ये आणि फोन खणात. धावत कचेरीत आलो. खण उघडला तर अनोळखी नंबरावरून मिस्ड कॉलवर मिस्ड कॉल.

उलटा फोन लावला. एक बाई म्हणाली, "लाँड्रीतून बोलतेय. तुमचे वडील इथं बसलेत. सुखरूप आहेत. धावू नका, रस्ता बघून या."

स्टँडच्या मागच्या बाजूला ती लाँड्री आहे. नुकत्याच इस्त्री झालेल्या चादरींच्या ढिगाशेजारी बाबा स्टुलावर बसले होते. तळहात धुऊन वर स्वच्छ फडकं बांधलेलं. रस्ता ओलांडताना पडले होते. मला पाहिलं आणि चिडले.

"कुठे हरवला होतास? किती शोधायचं माणसानं?"

मी त्यांचा दंड धरला आणि निघालो. लाँड्रीवालीला धड 'आभारी आहे'सुद्धा म्हटलं नाही. तिनं एखादा प्रश्न विचारण्याआधी मला तिथून पळायचं होतं. माझा नंबर तिला कुठून मिळाला हा विचारही शिवला नाही. बाबांनीच सांगितला असेल, असं धरून चाललो. माझा नंबर त्यांना कधीच पाठ नव्हता, हे मला माहीत असायला हवं होतं.

आज एक फुलझाडाची कुंडी घेऊन तिच्याकडे गेलो. तीन आठवड्यांनी. तिनं कुंडी खिडकीत ठेवली आणि सहज म्हणाली, "परवा ताईंचा फोन आला होता. हाताची जखम भरली का, विचारत होत्या."

"कोण ताई?"

"म्हणजे काय? तुमच्या बहीण. बाबांना एकच नंबर पाठ होता, तो त्यांचा. तुमचा त्यांनीच दिला मला. तुम्ही उचलेना, आणि बाबा दर दोन मिनिटांनी उठून दाराकडे जायला लागले. मी इस्त्री सोडून किती वेळ धरून बसणार? मग ताई म्हणाल्या, फोन त्यांच्या कानाला द्या. तुम्ही येईपर्यंत बोलत होत्या हो! मधे तुमचा फोन आला, तेवढा वेळ त्यांना थांबवलं. बॅटरी संपत आली तशी मी चार्जर लावला. वायर पुरेना, तर बाबांना स्टुलासकट भिंतीकडे सरकवलं."

ती शर्टाची घडी घालत बोलत राहिली.

"तुम्ही कोपऱ्यावर दिसलात, तसं मी फोनवर सांगितलं. तर म्हणाल्या, मग मी ठेवते. मी होते हे त्याला सांगू नका, आधीच ओशाळला असेल."

"मग आज का सांगितलंत?"

"अहो, तीन आठवडे झाले. मला वाटलं, एव्हाना बहीण-भाऊ बोलला असाल."

गुरुवार होता, ताई. तुझी शाळा होती. वर्ग सोडून तू कुठे उभी राहिली असशील? व्हरांड्यात? शिक्षकांच्या खोलीत? तिथून तू बाबांना त्या स्टुलावर बसवून ठेवलंस. फोनच्या आवाजानं.

आई गेली तेव्हा तू दुसऱ्या दिवशी पोहोचलीस. मी जिन्यात, सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "वेळेला तू कधी असतेस?" तेच वाक्य या वेळी तुझ्या हातात आयतं होतं. माझंच, धार लावलेलं. तू ते उगारलंसुद्धा नाहीस. सगळं ठाऊक असून त्या रविवारी बाबांना फक्त झोप लागते का विचारलंस, म्हणजे मी शेजारी बसलेला अवघडायला नको.

तू ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. भांडता तरी आलं असतं.

चुकलं माझं, ताई. यापेक्षा चांगला शब्द शोधत बसलो नाही.

तुझा भाऊ

१६ मार्च

ताई,

काल रविवारी बाबांनी फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "घे. तुझ्याशी बोलायचंय म्हणते." आपण काय बोललो ते तुला माहीत आहे. तरी लिहून ठेवतो, कारण फोनवर मी निम्मा वेळ गप्प होतो आणि गप्प माणसाचं काय चाललंय ते पलीकडे कळत नाही.

तू म्हणालीस, "पत्रं मिळाली. तिन्ही."

"दुसरं फाडून टाक."

"कशाला? वाक्यं चांगली आहेत. खोटी आहेत, एवढंच."

मला हसू आलं. हसायचा हक्क नव्हता म्हणून हसू गिळलं. ते तुला ऐकू आलं असेल, खोकल्यासारखं.

मग तू म्हणालीस, "त्या दिवशी तू फोन उचलत नव्हतास तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. पण एक सांगू? आई गेल्यापासून बाबांशी एवढं मनसोक्त कधी बोललेच नव्हते. रविवारी तू बाजूला बसलेला असतोस. जरा कुठे रंग चढला की तू खाकरतोस."

"त्यांना दमायला होतं, ताई."

"त्या दिवशी नाही दमले."

यावर मी गप्प झालो, ते उत्तर शोधत नव्हतो. रविवारी बाबांशेजारच्या खुर्चीत मी कसा बसतो ते मला दिसत होतं. टीव्हीचा आवाज बारीक करून, नजर घड्याळावर, कान तुमच्याकडे. बाबा हसले की मला वाटायचं, एवढं काय बोलतेय ही? मी जवळ राहतो, मी करतो, मग हसणं तिच्या वाट्याला का? मी बाबांना सांभाळतो, असं सगळीकडे सांगत हिंडायचो. सांभाळत होतो खरा, पण तुझ्यापासूनही. गुरुवारची चूक दोन तासांची होती. ही दर रविवारची.

यापुढे रविवारी त्यांच्या हातात फोन देईन आणि खाली जाऊन येईन. शेजारचे काका येऊन बसतील, त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे तुमचं सुरक्षित राहील. काकांना मी बाबांचं सगळं सांगितलंय. न्हाव्यालाही जाऊन सांगितलं, दुकान भरलेलं असताना. म्हटलं, "माझ्या वडिलांना आठवत नाही हो. त्या दिवशी तुम्हाला बोललो नाही." तो वस्तरा पुसत म्हणाला, "एवढंच ना? माझी आई तशीच होती. आधी बोलला असता तर मी त्यांना बोलण्यात गुंतवलं असतं." एवढंच होतं, ताई. एवढ्यासाठी मी त्यांना रस्त्यावर जाऊ दिलं.

नोंद छपाईला गेली. मधल्या अर्थाला मी वाक्य दिलं: 'वडील खुर्चीत नाहीत हे मुलाच्या दोन तासांनी लक्षात आलं.' बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, विचारतील. त्यांनी फक्त, "हे ठेवायचं? बघा," म्हटलं. मी म्हटलं, ठेवा.

आणि शेवटी तू म्हणालीस की शनिवारी येतेस. मी लगेच म्हणालो, "मी स्टेशनवर घ्यायला येतो." तू म्हणालीस, "येऊ नकोस. बाबांना एकटं ठेवू नकोस आणि गर्दीत आणूही नकोस. मला घर माहीत आहे."

तू किती सहज बोललीस ते. मी फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

हे पत्र पोहोचेल तेव्हा तू इथे आलेली असशील. परत गेल्यावर तुला ते तुझ्या दाराशी सापडेल. म्हणूनच लिहितोय. समोर बसलीस की मी चहाचं, गादीचं, गाडीच्या वेळेचं बोलेन. आई गेली त्या दिवशी तू नव्हतीस याचा मला राग नव्हता. घरात बाबांना सावरायला मी एकटा होतो आणि भ्यायलो होतो. ज्याला भ्यायलो म्हणता येत नाही तो रागावतो. तुला पाहिल्यावर खरं तर तुझ्या गळ्यात पडायचं होतं. तू बॅग घेऊन दोन पायऱ्या खाली उभी होतीस आणि वर सगळे बघत होते, म्हणून तोंडातून दुसरंच निघालं.

तुझी खोली झाडून घेतोय. त्यात माझी पुस्तकं भरून ठेवली होती, ती बाहेर काढली. खिडकी घट्ट बसलीय, उघडत नाही. आणखी दोन गोष्टी सांगायच्या होत्या, पण बाबा चपला घालून दाराशी उभे आहेत. पत्र टाकायला दोघं मिळून जाऊ, असं मीच त्यांना म्हटलं होतं. कडी काढायचा आवाज येतोय. इथेच थांबतो.

बारक्या